रीळ बदलताना

चोपड्याच्या टॉकीजमध्ये सुपडू मिस्तरींनी
तो सिनेमा चौऱ्याऐंशी वेळा दाखवला
आणि एकदाही पाहिला नाही.

असं ते स्वतःच सांगायचे,
वाचनालयाच्या पायरीवर चपला काढताना,
बोटांच्या पेरांत कार्बनकांडीची काजळी.
केबिनमध्ये दोन मशिनी, त्यात मे महिना,
घरघर अशी की संवाद म्हणजे शेजारच्या घरातलं भांडण :
आवाज चढला एवढं कळायचं,
कुणाचं चुकलं ते नाही.
आणि पाचवं रीळ संपताना
नायिकेच्या हातात पत्र पडतं, नेमकं तेव्हाच
पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका उमटतो.
पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन चालू,
सात सेकंदांनी दुसरा, की झडप.
सगळं थिएटर तिच्याकडे बघत असताना
एकट्या सुपडू मिस्तरींनी ठिपक्याकडे बघायचं.
नजर मोकळी होईपर्यंत पत्र गेलेलं असायचं.
कुठे?
खालच्या विडीवाल्याला विचारलं,
तर तो म्हणाला, कुठलं पत्र?

मग एकदा पेट्या पोचवायला भुसावळला गेले
आणि फलाटावरच्या गाड्यावर त्यांना तो सिनेमा दिसला,
पुस्तक होऊन बसलेला.
मुखपृष्ठावर ओठांचा रंग ओठांबाहेर सांडलेला,
किंमत साडेचार रुपये.
वाचता यायचं त्यांना, पण चाल बैलगाडीची.
म्हणून माझ्या टेबलाशी आले.
"ताई, इतलं पान वाची दे ना."

मी नाक मुरडलं, खोटं कशाला बोलू.
आमचे सचिव गुजराथी सर म्हणायचे,
आधी बारसं आणि मग बाळंतपण,
हे कसलं वाङ्मय?
देणगीतसुद्धा असलं पुस्तक घ्यायचं नाही, असा ठराव होता.

पान एकशे तेरा.
पत्र तिने पिठाच्या डब्यात खुपसलं. झाकण लावलं.
पुन्हा काढलं, झटकलं, पुन्हा खुपसलं.
आई असेच लपवायची भिशीचे पैसे,
आणि बापाला म्हणे कधीकधी
भाकरीत चवलीचा वास यायचा.
मग तिने दोन भाकरी जास्त थापल्या.
कुणासाठी, ते लेखकाने लिहिलं नव्हतं.

सुपडू मिस्तरी म्हणाले, अजून एकदा.

पुस्तक माझ्याकडेच विसरले, की ठेवून गेले.
रात्री मी ते सगळं वाचलं.
भाषा घाईची, गाडी सुटायच्या आत संपवायची;
दर चार पानांना कुणाच्या तरी काळजात धस्स होतं.
पण पोस्टमनला नाव होतं.
पडद्यावर जो सायकल टेकवून येतो नि निघून जातो,
त्याला इथे गुडघेदुखी होती,
आणि पत्राला उशीर झाला तो त्या गुडघ्यापायी.
कोण होता हा लिहिणारा?
तीन आठवड्यांच्या मुदतीवर, ठरीव पैशांत,
दुसऱ्याच्या गोष्टीत शिरून
त्याने एका बिनसंवादाच्या माणसाचा गुडघा शेकला होता.

टॉकीज पाडून मंगल कार्यालय झालं, त्यानंतरची गोष्ट.
भाच्याने मोबाइलवर तो सिनेमा लावून दिला.
मी थेट पत्रापाशी गेले.
पत्र येतं. ती खिडकीकडे बघते. दृश्य संपतं.
पिठाचा डबा नाही.
त्या घराला स्वयंपाकघरच नाही.

सांगावं की नाही, यात तीन दिवस गेले.
मोतीबिंदू नुकता काढलेला, डोळ्यावर हिरवी पट्टी,
सुपडू मिस्तरी बाजेवर शेंगा सोलत होते.
"पडदावर नई व्हतं? मंग काय व्हयनं.
तिना मनमा व्हतं."
आणि निघताना भरिताची दोन वांगी दिली.

आता ते पुस्तक कपाटात आहे,
गुजराथी सरांच्या तसबिरीच्या बरोबर खाली.
नोंदवहीत प्रकाराच्या रकान्यात मी कादंबरी लिहिलं,
शाईने.
पान एकशे तेरावर काजळीचा अंगठा आहे, तो पुसलेला नाही.
परवा अकरावीतल्या एका मुलीने ते परत आणलं,
म्हणाली, बाई,
यावर एखादा सिनेमा निघायला पाहिजे.

मी तारखेचा शिक्का मारला.